कोकणच्या खाऱ्या हवेत रोज कमरेला: कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हरं

परवान्याचं हत्यार झाकून बाळगावं की दिसेल असं, हा प्रश्न आपल्याकडे कायद्यानेच सोडवून टाकला आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, अंगाला बांधलेलं, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असायला हवं. त्यामुळे रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणजे ते चैत्राच्या घामात आणि आषाढाच्या पावसात सदऱ्याखाली दिवसभर वागवायचं. दुकानातल्या काचेखाली सगळीच हत्यारं देखणी दिसतात. मालवण, देवगड, गुहागर, दापोली या पट्ट्यात दोन पावसाळे अंगावर काढल्यावर कुठलं टिकतं, त्यावर हा अभिप्राय आहे.

सामान्य नागरिकाला मिळणारी निवड तशी थोडी. ९ मिमी, .३८, .४५५ ही निषिद्ध बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), ती आपल्यासाठी नाहीत. उरतं ते मुख्यतः .३२ इंची. त्यात कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं जुनं रिव्हॉल्व्हर गावोगाव दिसतं. ते मधून मोडतं, म्हणजे कळ दाबली की नळी पुढे झुकते आणि सहाही काडतुसं एकदम वर येतात. रचना वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या धर्तीची, नळी तीन इंच. सरकारी शस्त्रकारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड ऑक्टोबर २०२१ मध्ये मोडून त्याच्या कंपन्या झाल्या, तेव्हापासून हा कारखाना अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आहे. त्यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ आणलं. त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं धरणारं फिरतं चाक, बाजूला उघडतं, नळी ७६ मिमी, एकूण लांबी १७७.६ मिमी, वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम. सहा काडतुसं भरल्यावर पाऊण किलो धरा. शिवाय वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने उत्तर प्रदेशात संडीला इथे बनणारं .३२ आहे, टायटॅनियम मिश्रधातूचं हलकं ‘निर्भीक’ आहे आणि पिस्तूलच हवं असेल तर ‘अशनी’ आहे.

कोकणात कमरेला हत्यार लावून कोण फिरतं, तर ज्यांच्याकडची रोकड किंवा सोनं ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने जातं ते. रात्री शटर ओढून घरी निघणारे सराफ, पंपाचा गल्ला दुसऱ्या दिवशी बँकेत नेणारे पेट्रोलपंपवाले, मासळीच्या लिलावाचा हिशोब रोख चुकवणारे व्यापारी, पहाटे गगनबावडा किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूरला जाणारे बागायतदार. यूपीआय आल्यापासून रोकड कमी झाली, तरी सराफाचं सोनं मोबाईलवरून जात नाही. वाडीत घर एकटं असतं, पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर, मध्ये एखादी खाडी. ११२ लावला तरी गाडी यायला रस्त्याला लागतो तेवढा वेळ लागतोच. तोवरचा वेळ आपला आपण काढायचा, हे यामागचं साधं कारण.

मग रोजच का? घाटात जाताना किंवा रोकड असेल तेव्हाच घेऊ, असं अनेकांना वाटतं आणि तिथेच घोटाळा होतो. कधीतरी घेतलेलं हत्यार उरलेल्या वेळी कपाटात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा गल्ल्यात पडून राहतं. चोर तिथेच पोचतो आणि घरातलं मूलही तिथेच पोचतं. हाताला सवय राहत नाही, होल्स्टर दर वेळी वेगळ्या जागी बसतं, भरलंय की रिकामं याचा विसर पडतो. जे खरोखर नीट बाळगतात ते रोज त्याच जागी, त्याच पट्ट्यावर बाळगतात आणि रात्री त्याच वेळी उतरवून कुलपात ठेवतात. ज्याचा धोका असा रोजचा नाही त्याने .३२ च्या फंदात पडू नये, हे आमचं स्पष्ट मत. भाऊबंदकीच्या, बांधाच्या, वाटणीच्या वादासाठी तर अजिबात नको. त्या भांडणात समोरचा माणूस ओळखीचा असतो, राग जुना असतो, आणि कमरेला काही असलं की बोलण्यातला तोल जातो. डुकरं आणि माकडांसाठीही हे हत्यार नाही. त्याला शेतीसंरक्षणाची बंदूक असते, तिचा परवाना वेगळा.

गोळीच्या ताकदीबद्दल गैरसमज ठेवू नये. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर, शिशाची गोळी साधारण दीडशे ज्यूल ऊर्जेने फेकतं. ९ मिमीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही हे कमी आहे. ‘प्रबल’साठी कंपनी ५० मीटरचा पल्ला सांगते. गोळी तिथवर जाईल यात शंका नाही, पण तीन इंची नळीवर, घाबरलेल्या हाताने, घोडा (मागचा हातोडा) न चढवता नुसता चाप ओढून पाच ते सात मीटरवर सहापैकी सहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसल्या तर ती उत्तम नेमबाजी समजावी. धक्का मात्र इतका सौम्य आहे की दुसरा नेम पटकन लागतो. .३२ ची खरी जमेची बाजू तीच.

जुन्या मॉडेलचा चाप जड आहे आणि त्यामुळे उजव्या हाताने झाडताना नळी डावीकडे-खाली ओढली जाते. ‘प्रबल’चा चाप हलका असल्याचं सांगितलं जातं. नाजूक हाताच्या माणसाने दोन्ही रिकामी ओढून पाहावीत. त्यापेक्षा मोठा फरक उघडण्या-मिटण्यात आहे. मधून मोडणाऱ्यात पुंगळ्या (काडतुसांची पितळी नळकांडी) झटकन बाहेर पडतात, पण ते जोरात आणि पूर्ण उघडावं लागतं. भीत भीत अर्धवट उघडलं तर पुंगळीची कड चांदणीखाली (पुंगळ्या वर उचलणाऱ्या चकतीखाली) शिरते, हत्यार ना उघडत ना मिटत. शिवाय वर्षानुवर्षांच्या वापराने कळ आणि बिजागरी झिजते. मिटलेलं रिव्हॉल्व्हर डाव्या हातात धरून नळी वर-खाली हलवून बघा. खटखट जाणवली तर ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्यायची वेळ झाली. बाजूला उघडणाऱ्या ‘प्रबल’ची चौकट एकसंध असल्यामुळे हा दोष तिथे उद्भवतच नाही. फक्त सिनेमातल्यासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर मिटवायचं नाही, त्याने सिलिंडरचा दांडा वाकतो. दोन हातांनी मिटवा.

पिस्तूल की रिव्हॉल्व्हर, हा वाद दुकानात नेहमी रंगतो. कोकणात रोज बाळगणाऱ्याने रिव्हॉल्व्हर घ्यावं, असं आम्ही ठामपणे सांगतो. कारण इथे रोज रात्री हत्यार रिकामं करून पुसावंच लागतं. पिस्तुलात तेच काडतूस रोज नळीत चढवलं-उतरवलं तर गोळी हळूहळू पुंगळीत मागे दबते आणि बार काढताना दाब धोकादायक वाढतो. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस बोटांनी आत सोडायचं आणि बोटांनीच काढायचं, त्याला काही होत नाही. दुसरं, काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलाला दोन्ही हात लागतात. तिसरं, पिस्तुलाच्या मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या कप्प्याच्या) आत गंज धरला की बाहेरून कळत नाही.

होल्स्टरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. हत्यारासोबत दुकानदार जो पातळ चामड्याचा खोळ देतो तो प्रवासापुरता ठीक. कोकणात चामडं घाम पितं, पावसात फुगतं, श्रावणात त्यावर बुरशी चढते. क्रोमने कमावलेल्या चामड्यात क्षार राहतात, ते लोखंडाला थेट खातात. चामडंच आवडत असेल तर झाडाच्या सालीने कमावलेलं, जाड, शिवणीजवळ दाबून आकार दिलेलं घ्यावं, पावसाळ्यात दोन आळीपाळीने वापरावेत आणि रिव्हॉल्व्हर रात्री त्यात कधीही ठेवू नये. आमची पसंती कायडेक्सच्या, म्हणजे तापवून आकार दिलेल्या कडक प्लास्टिकच्या होल्स्टरला आहे. ते पाणी पीत नाही, साबणाने धुता येतं, हत्यार आत बसलं की टक् आवाज येतो. काळ्या पॉलिशवर त्याचे ओरखडे पडतात, तेवढं सोसावं. ते त्याच मॉडेलच्या मापाचं असायला हवं. ‘सगळ्यांना बसतं’ म्हणून मिळणारं नायलॉनचं होल्स्टर चाप पुरता झाकत नाही आणि हत्यार बाहेर काढलं की तोंड मिटून बसतं, मग परत ठेवायला दुसरा हात लागतो.

निवडताना तीन गोष्टी बघा. चाप आणि त्याचं कडं बाहेरून बोट लागणार नाही असं पूर्ण झाकलं गेलंय का. रिकामं हत्यार आत ठेवून उलटं धरून हलवलं तर पडतं का. आणि पट्ट्यावर ते मागे-पुढे सरकतं का. पट्टा दीड इंच रुंद, दोन पदरी, ताठ हवा. साध्या पट्ट्यावर पाऊण किलो एका बाजूला लोंबतं, दिवसभरात कंबर धरते आणि मूठ बाहेर कलून सदऱ्यातून दिसते.

जागा उजव्या कुल्ल्याच्या हाडामागे, मूठ किंचित पुढे झुकलेली. वरून सुती सैल सदरा, न खोचलेला, पट्ट्याखाली वीतभर येईल इतका. आतून गंजी हवीच, नाहीतर घाम थेट लोखंडावर. मोटरसायकलवर दोन अडचणी येतात: पुढे वाकलं की मूठ पाठीवर उमटते आणि वाऱ्याने सदरा उडतो. यावर सदऱ्याचं शेवटचं बटण लावणं आणि होल्स्टर बोटभर पुढे घेणं एवढंच करता येतं. रेनकोट घातला की हत्यार हाताशी राहत नाही आणि आतल्या वाफेने ते पावसापेक्षा जास्त भिजतं. चारचाकीत सीटबेल्टचं बक्कल मुठीला घासतं. म्हणून काढून शेजारच्या सीटवर ठेवण्याची खोड लागते, ती मोडावी. नियमाला ते धरून नाही, आणि घाटातल्या एका वळणावर हत्यार सीटखाली जातं. खांद्याला अडकवायचं होल्स्टर कोटाशिवाय झाकत नाही आणि कोट आपल्या हवेत कोण घालणार. कमरेच्या पिशव्या उन्हाळ्यात सोयीच्या आहेत, पण खास हत्यारासाठी बनवलेली, वेगळा कप्पा असलेलीच घ्या. किल्ल्या आणि सुटे पैसे त्या कप्प्यात जाता कामा नयेत.

आता गंज. हवेत ७५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असली की मिठाचा कण आपणहून पाणी ओढून विरघळतो. किनाऱ्यावर जूनपासून पुढे आर्द्रता बहुधा त्याच्या वरच असते. म्हणजे घामातून किंवा लाटांच्या तुषारांतून लोखंडावर बसलेलं मीठ पाऊस नसतानाही ओलं राहतं आणि काम करत राहतं. काळं पॉलिश हाही लोखंडाचाच एक पातळ थर आहे, तेलाशिवाय तो एकटा टिकत नाही. गंज आधी धरतो तो न दिसणाऱ्या जागी: मुठीच्या फळ्यांखाली, स्क्रूच्या खाचांत, चांदणीच्या मागे, नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या सहा तोंडांवर.

रोज रात्रीचं काम पाच-सात मिनिटांचं आहे. वाळूने भरलेली बादली कोपऱ्यात कायमची ठेवा आणि नळी तिच्याकडे धरूनच उघडा. सहा काडतुसं ताटलीत मोजा, पाच दिसली तर सहावं सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. कोरड्या सुती कापडाने पुसा. खाडीपलीकडून जंगलजेटीने (फेरीबोटीने) आला असाल किंवा बंदरावर गेला असाल, तर आधी साध्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने मीठ पुसून मग कोरडं करा, कारण नुसतं तेल फासलं तर मीठ तेलाखाली अडकतं. मग दुसऱ्या कापडावर दोन-तीन थेंब तेल घेऊन सगळीकडे पातळ हात फिरवा. सिलिंडरच्या भोकांत मात्र तेल राहू देऊ नका. ते काडतुसाच्या टोपीत (बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागात) झिरपतं आणि नेमक्या वेळी नुसती टिक् ऐकू येते.

तेल कुठलं? बंदुकीसाठीचं रंगून ऑईल किंवा कुठलंही चांगलं गन ऑईल. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ असल्यामुळे रोज द्यावं लागतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला उत्तम, राखण करायला कमजोर. त्यावर पुन्हा तेल द्याच. खोबरेल नको. ते काही महिन्यांत चिकट होतं आणि चाप-घोड्याच्या आतल्या भागात राळेसारखं बसतं. महिन्यातून एकदा मुठीचा स्क्रू काढून फळ्यांखाली पुसा, आणि जुन्या टूथब्रशने चांदणीखालची काजळी काढा. जळून न गेलेल्या दारूचे दोन कण तिथे बसले तरी सिलिंडर घट्ट फिरतं किंवा अडतं.

ठेवायला रबरी कड असलेला हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेलची २०० ग्रॅमची पिशवी. दाणे निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास सुकवून पुन्हा वापरता येतात. हा डबा कुलपाच्या लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात.

काडतुसं खडकीच्या कारखान्याची, बुडावर केएफ ठसा. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवली की पितळेवर हिरवा थर येतो आणि काडतूस सिलिंडरमध्ये चिकटतं. अंगावरची सहा काडतुसं पावसाळा संपल्यावर रेंजवर वापरून टाका आणि नवी भरा. भरताना प्रत्येकाची टोपी बोटाने चाचपा. ती बुडाच्या पातळीच्या वर आली असेल तर सिलिंडर घासतं. रेंजवर बार निघाला नाही तर नळी समोरच धरून तीस सेकंद थांबा, तो उशिरा निघू शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स आला तर तिथेच थांबून हत्यार रिकामं करा आणि नळीतून उजेड दिसतो का पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरा बार काढला तर नळी फाटते.

सरावाला कोकणात सोय तुटपुंजी. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, एरवी पोलिसांच्या परवानगीवर अवलंबून राहावं लागतं. घरी रिकाम्या सरावाला दारू नसलेली सरावाची काडतुसं वापरा, आणि त्या खोलीत खरं काडतूस एकही नको.

पैसे देण्यापूर्वी दुकानात एवढं करा. घोडा चढवून अंगठ्याने पुढे ढकला, तो पडता कामा नये. सिलिंडरवर बोटाचा हलका रोध ठेवून चाप सावकाश ओढा. घोडा पडण्याआधी सिलिंडर कुलूपबंद झालं पाहिजे, सहाही घरांवर. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट गॅरेजमधल्या फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. त्याहून जास्त असेल तर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, कमी असेल तर काजळीने अडतं. एकाच मॉडेलची दोन-तीन नगं मागून तुलना करा, हातघाईने तासलेल्या कडा आणि वाकडे स्क्रू नगानगागणिक वेगळे असतात. किमतीचं म्हणाल तर रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. नव्या हत्याराचे पैसे लाखाच्या पुढेच धरा, आणि होल्स्टर, पट्टा, डबा, तेल यांचं अंदाजपत्रक वेगळं मांडा.

परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलिसांच्या अहवालानंतर, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रासह मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत पाच वर्षं आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. परवान्यावरचं क्षेत्र नीट वाचा. बांद्याहून पुढे पत्रादेवी ओलांडलं की गोवा. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर तिथे तुम्ही विनापरवाना ठरता, आणि सावंतवाडी-दोडामार्गची माणसं तर दिवसातून दोनदा ती हद्द ओलांडतात. लग्नात, शिमग्यात आनंदाने हवेत बार काढणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पालखीच्या, जत्रेच्या गर्दीत हत्यार नेऊच नये, दारूच्या बैठकीला तर नाहीच. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करण्याची मुभा त्यात नाही. ऐवज टाकून पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी बचाव ठरवणं फार कठीण.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, कधी ऐन पावसाळ्यात. जमा करण्याआधी नळीतून आणि सिलिंडरच्या भोकांतून ग्रीसचा हात फिरवा, बाहेरून जाड थर द्या, तेलकट कापडात किंवा गंजरोधक कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. होल्स्टर घरीच ठेवा. पावतीवर हत्याराचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. परत घेताना तिथेच नंबर जुळवा, नळीतून उजेडाकडे बघा, सिलिंडर उघडून चांदणीखाली नजर टाका आणि मगच सही करा. घरी आल्यावर सगळं ग्रीस पुसून काढल्याशिवाय त्यात काडतूस घालू नका.